घरात नसलेलं मशीन

प्लांटमध्ये मी इलेक्ट्रिशियन होतो. मशीन दिसलं की त्याचा सप्लाय कुठून येतो, हे आधी बघायची सवय हाडात भिनलेली. म्हणून मुलीनं वैशाली नगरच्या घरी बसून नोकरी धरली, तेव्हा मला पहिल्याच दिवशी शंका आली.

ती एका कंपनीसाठी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची. नोकरी पहिलीच. हीच ड्रॉइंग दाखवून पुढची चांगली जागा मिळवायची, असं तिनं ठरवलं होतं. कम्प्युटर आमचा जुनाट, साधा व्हिडिओ लावला तरी धापा टाकणारा. ती त्यावर ब्राउझर उघडायची, पासवर्ड टाकायची, की भलंमोठं सॉफ्टवेअर समोर हजर. मी कम्प्युटर धुंडाळला. ते सॉफ्टवेअर त्यात नव्हतंच.

"ते तिकडल्या मशीनवर चालते, बाबा," ती म्हणाली. "मी माऊस हलवला का तिकडं समजते, अन् तिकडलं चित्र इथं दिसते."

"अन् तू काढलेलं ड्रॉइंग?"

"तेबी तिकडंच राहते."

मला हे काही पटेना. एका दुपारी ती कामात गुंग असताना मी मेन स्विच पाडला. बघायचंच होतं काय होतं ते.

"कावून, बाबा?" एवढंच विचारून ती जवळच्याच कोहक्याला मैत्रिणीकडे गेली. तिथल्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला आणि रेघ जिथं अर्धी राहिली होती तिथूनच पुढे काढली. परत आल्यावर तिनं माझ्या पेटीतला प्लांटचा लाल टॅग शोधून स्विचला बांधला. 'काम चालू है, हाथ न लगाएँ.' ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, हा नियम मीच तिला लहानपणी सांगितला होता.

मी ओशाळलो, पण शंका वाढली. आमची लाइट गेली तरी जे चालू राहतं, ते आमचं कसं?

काही महिन्यांनी कंपनीनं ते काम बंद केलं. त्या सकाळी पासवर्ड चालेना. तिनं तीनदा टाकून पाहिला. नव्या नोकरीची मुलाखत ठरली होती आणि दाखवायला तिच्या हातचं एकही ड्रॉइंग घरात नव्हतं. माझी शंका खरी ठरली, आणि मला स्वतःचाच राग आला.

"तिकडलं मशीन चालूच असंन ना, बाबा?"

"असंन," मी म्हणालो.

ती उठली, स्विचचा टॅग सोडला आणि माझ्या हातात दिला.