वर्षाआड

भावाभावांनी घर वाटून घ्यावं, भांडीकुंडी वाटून घ्यावीत, त्यात नवल नाही. पण गावातल्या जुन्या संपादकाच्या दोन मुलांनी वर्षं वाटून घेतली होती.

संपादकाने जन्मभर एक साप्ताहिक चालवलं. दर वर्षाचे अंक तो एका खंडात बांधून घ्यायचा. लाल कातडं, हातभर उंची, पाठीवर सोनेरी आकड्यांत साल. हे अंक दुसरीकडे कुठेच उरले नव्हते. तो गेल्यावर भाऊ असे हातघाईवर आले, की मला नाही तर तुलाही नाही या हट्टापायी वाटणी झाली ती एक साल तुझं, एक साल माझं अशी. थोरल्याने आपली विषम सालं ग्रंथालयाला देऊन टाकली. धाकट्याने सम सालं कपाटात कोंबली आणि किल्ली कमरेला लावली.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे खळताई म्हणत. स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायची, ती गाळायची, चिरलेल्या पानावर तलम कागद डकवायचा, यात त्यांचा जन्म गेला. लग्न केलं नाही. त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ म्हणायचा, हिला जगातलं सगळं चिकटवता येतं, फक्त स्वतःला कुठे चिकटवता आलं नाही. त्या हसत. संपादकाचे विषम खंड त्यांनीच एकेक करून उसवले, धुतले, पुन्हा शिवले. त्यांचं स्वतःचं जन्मसाल सम होतं. ग्रंथालयाच्या हिशेबी मी अजून जन्मलेच नाही, असं त्या सांगायच्या.

पण गंमत तेवढ्यापुरतीच होती. कापडगिरणीचा संप एका सालात सुरू व्हायचा आणि पुढचं सालच नसायचं. पूर यायचा, ओसरायचा नाही. वाचणारे विचारायचे आणि खळताईंना उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

संपादकाच्या धाकट्या मुलाची मुलगी गावातच राहत होती, एकटी, म्हातारी झालेली. खळताई सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाऊ लागल्या. पहिल्यांदा दाराची साखळीसुद्धा निघाली नाही. पुढे केव्हातरी म्हातारीने आपला विस्कटलेला फोटोंचा अल्बम दुरुस्तीला दिला. तो परत आल्यावर चहा मिळाला. मग ‘अहो बाई’चं ‘अगं’ झालं आणि खळताई तिला मावशी म्हणू लागल्या. कपाटाचा विषय कुणीच काढत नसे. काही वर्षं अशीच गेली. एक दिवस मावशीने आपणहून कपाट उघडलं. सगळे खंड जागच्या जागी होते, कोरडे, ठणठणीत. खळताईंनी एकावरून नुसता हात फिरवला.

“घेऊन जा,” मावशी म्हणाली. “वडील होते तोवर त्यांचा शब्द पाळला. आता कुणासाठी पाळू?”

त्या दिवशी खळताई जवळजवळ धावतच ग्रंथालयात आल्या. ग्रंथपाल साहेबांनाही मनापासून आनंद झाला. मात्र देणगी ग्रंथालयाच्या समितीने स्वीकारायची असते आणि समितीची बैठक कोरम नसल्याने पुढे गेली. मग पुन्हा पुढे गेली. तेवढ्यात मावशी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिचा मुलगा तिला आपल्या घरी घेऊन गेला आणि भाड्याचं घर रिकामं करायला निघाला. त्याने ग्रंथालयात फोनही केला. त्याला बैठकीपर्यंत थांबायला सांगण्यात आलं.

खळताई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “एक टेम्पो पाठवा साहेब. नाहीतर मी माझ्या घरी नेऊन ठेवते.”

“तुमच्याकडे नेले आणि उद्या कुणी हक्क सांगितला तर तुमच्यावर येईल,” साहेब म्हणाले. “माझ्या हातात असतं तर आत्ता पाठवला असता.”

ते खोटं बोलत नव्हते. खळताई मागच्या खोलीत गेल्या. बैठक झाली तोवर ते घर रिकामं होऊन त्यात दुसरं बिऱ्हाड आलं होतं. मुलाने फोनवर सांगितलं, घरमालकाने तगादा लावला होता, सामान घेणारा आला, त्याने कपाटासकट सगळं उचललं. कुणी, कुठे, हे त्याला आठवत नव्हतं. आईला काही बोलू नका, एवढं मात्र तो दोनदा म्हणाला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी खळताईंच्या भाचीला नोकरी लागली, म्हणून ती त्यांना नव्या हॉटेलात चहाला घेऊन गेली. आत शिरताच खळताई थबकल्या. समोरच्या भिंतीवर, दिव्यांच्या उजेडात, सगळी सम सालं एका ओळीत उभी होती. एकही हरवलं नव्हतं. त्यांना हसू फुटलं. भाचीचा हात सोडून त्या पुढे गेल्या, स्वतःचं जन्मसाल शोधलं आणि खंड ओढला. तो हलेना. बोट बाजूने आत घातलं तर मागे लगेच भिंत लागली.

व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्याने सुताराला बोलावून घेतलं. फळी अरुंद होती, सुताराने सांगितलं, म्हणून यंत्रावर पाठी तेवढ्या कापून घेतल्या आणि चिकटवल्या. उरलेला कागद रद्दीत गेला. “चुकलं का काही?” त्याने विचारलं. खळताईंनी मान हलवली, हो की नाही ते त्यांनाही कळलं नाही. पाठी परत द्यायला व्यवस्थापक तयार नव्हता, सजावट मालकांनी पसंत केलेली होती. फोटो काढा हवा तर, तो म्हणाला.

सुताराने एक सैल झालेली पाठ उचकटून दाखवली. शिवणीला बोटभर कागद चिकटून राहिला होता. त्यावर प्रत्येक ओळीची पहिली दोनतीन अक्षरं होती. खळताईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. मग पाठ त्याच्या हातात परत दिली. चहा न घेताच दोघी बाहेर पडल्या.

मावशीला भेटायचं त्या टाळत राहिल्या, पण किती टाळणार? गेल्या तेव्हा ती अंथरुणावर होती आणि मुलगा दारात.

“सालांची जोडी लागली का गं?” मावशीने विचारलं.

खळताईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. मुलाने मान खाली घातली. तेवढ्यावरून म्हातारी काय समजायचं ते समजली. कशी गेली, कुठे गेली, तिने विचारलं नाही.

“काकांना पुरं काही मिळू द्यायचं नव्हतं वडिलांना,” ती म्हणाली. “झालं त्यांच्या मनासारखं.”

खळताईंनी तिची चादर उगाचच सारखी केली. 

पुढे समितीने ठरवलं, की अर्धवट संच खाली ठेवून जागा अडवू नये. विषम सालं वरच्या मजल्यावर गेली. एखादा वाचक मागतो तेव्हा खळताई जिना चढून खंड आणून देतात आणि बाजूला उभ्या राहतात. परवा एक शिक्षिका आली होती, गिरणीच्या संपावर काही लिहीत होती. शेवटच्या अंकापर्यंत वाचून तिने मान वर केली आणि पुढचा खंड मागितला.

“पुढचा नाही,” खळताई म्हणाल्या.

“कधी मिळेल?”

त्यांनी खंड मिटला, दोन्ही हातांनी उचलला आणि जिन्याकडे निघाल्या.