डिग्री नसलेल्या विमलादीदी

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या एका देवळामागच्या खोलीत विमला देवपुजारी यांनी सव्वीस वर्षं गाणं शिकवलं. नवरा अनंतराव रेल्वेत. त्यांचा डबा भरून दिला की त्या पेटी उघडून बसत. फी नव्हतीच. सदर बाजारातल्या सराफाची मुलगी आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईची पोट्टी एकाच सतरंजीवर बसत. वर्गाचं 'स्वरसंगत' हे नावही पोरांनीच ठेवलेलं.

ऋता त्यांतलीच एक. आई नसलेली, सात वर्षांची असताना आली. टायफॉईडमध्ये तिचा आवाज बसला, तेव्हा दीदींनी सहा महिने रोज पहाटे तिच्यासोबत बसून तो परत आणला. पोटची पोर असती तरी याहून जास्त काय केलं असतं!

पुढं रायपूर राजधानी झालं. नवी ऑफिसं आली, मोठे साहेब आले. तोवर ऋता संगीतात एम.ए. झाली होती. एक दिवस ती कागदांचा गठ्ठा घेऊन आली.

"शंकर नगरात जागा मिळून राहिली, दीदी. संस्था रजिस्टर करावी लागते."

"वाचू का?"

"मी वाचलं ना."

दीदींनी चष्मासुद्धा शोधला नाही. ऋता बोट ठेवेल तिथं सह्या केल्या.

इमारत झाली. पहिल्या दिवशी त्या आपली पेटी घेऊन गेल्या, तर भिंतीवरच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं.

"शिकवायला डिग्री लागते, दीदी, नियम है," ऋता खाली बघत म्हणाली. "तुम्ही संस्थापक. बाहेर बोर्डावर नाव आहे ना तुमचं."

"हा नियम केला कोनं?"

ऋतानं फाइल उघडली. नियमाखाली दीदींचीच सही होती. पुढच्याच पानावर प्रवेशपरीक्षेचा निकाल होता. जुन्या वर्गातली अकरा मुलं नापास.

"तुले माहीत होतं?"

"हव."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही सही केली नसती."

पेटी उचलून दीदी घरी आल्या. दोन दिवस जेवण गेलं नाही. अनंतराव म्हणाले, "कोर्टात जाऊ." त्या म्हणाल्या, "सही माझी आहे. कोर्टाला काय सांगू, पोरीवर विश्वास ठेवला म्हणून?"

बोर्डावरचं नाव काढा, असा अर्ज त्यांनी दिला. तो कोणी मनावर घेतला नाही. दरवर्षी संस्थेच्या वर्धापनदिनाला दिवा लावायला मात्र गाडी यायची. दोनदा त्यांनी ती परत पाठवली. तिसऱ्या वर्षी गेल्या. भाषणात ऋतानं त्या जुन्या सतरंजीची गोष्ट सांगितली, गरीब-श्रीमंत कसे शेजारी बसत ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माइक दीदींकडे आला.

"त्या सतरंजीवरचं इथं आज कोनीच नाही," त्या म्हणाल्या. "एक ऋता सोडून."

एवढंच बोलून त्या खाली उतरल्या आणि रिक्षानं घरी आल्या.

घरच्या पडवीत आता त्यांच्याकडे सात मुलं येतात. त्या भाषणानंतर महिन्याभरानं ऋता एकदा दारात येऊन उभी राहिली. "क्लास चालू आहे, थांब," दीदी म्हणाल्या. ती थोडा वेळ थांबली, मग स्कूटी काढून निघून गेली.

त्यानंतर ती आली नाही. दीदींनी मात्र बरेच दिवस तिची वाट पाहिली.