वरच्या बिजागरीचे तीन बोल्ट

अलेक्झांड्रियातल्या मुहर्रम बे भागात, गाड्यांच्या पत्र्याची कामं करणाऱ्यांच्या गल्लीत, उस्ता, म्हणजे मुख्य कारागीर, फहीमचं नाव झालं ते दाराच्या आवाजावरून. तिथलं गिऱ्हाईक दुरुस्ती डोळ्यांनी तपासत नाही. दार ओढतं आणि कान देतं. एकच भरीव 'धप्प' आला की काम पास. मागाहून काही खुळखुळलं, तर ते गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. फहीम तेराव्या वर्षी मामाच्या हाताखाली तो आवाज काढायला शिकला होता. आता साठी उलटली होती. हातोड्यांनी डावा कान खाल्ला होता, पण उजव्या कानानं तो गल्लीच्या तोंडाशी आलेली गाडी कोणाची ते अजून सांगायचा.

गेले सहा महिने तो एकाच गाडीची वाट पाहत होता आणि ती येत नव्हती.

गाडी मदाम इन्साफची. टपाल खात्यातून निवृत्त झालेली विधवा बाई. नवऱ्यामागे राहिलेली ती साय-रंगाची छोटी इटालियन गाडी ती स्वतः चालवायची. साठ सालच्या आसपासची घडण. त्या काळच्या काही गाड्यांसारखी तिची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर होती आणि पुढून उघडायची. असं दार धावत्या गाडीत सुटलं तर वारा ते आपटून बंद करत नाही, हिसकून पार मागे फेकतो.

मार्चमधल्या एका बुधवारी ती आली होती. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो; उजवीकडचं, शेजारच्या सीटचं दार लोंबत होतं. फहीमनं वरची बिजागरी सोडली तर तिन्ही बोल्ट नुसते गरगर फिरले. दार ज्या खांबाला टांगलेलं असतं, त्याच्या आत जी जाड पट्टी असते, तिच्यातले आटे पार गेले होते. भोकं मोठी करून, नवे आटे पाडून, आत पोलादी तारेची वेटोळी बसवायची तर दोन दिवस हवे होते. ती वेटोळी शोधायलाच एक दिवस गेला असता.

"उस्ता, उद्या गुरुवार," मदाम म्हणाली होती. "उद्या माझी सून याच गाडीतून घरी यायचीय. फुलंसुद्धा सांगून ठेवलीत."

समोर झगलूलचं विजेच्या कामाचं दुकान. फहीमनं त्याच्याकडून हातभर वायर आणली, सोलली, तांब्याच्या बारीक तारा भोकांत कोंबल्या आणि बोल्ट आवळले. हाताला घट्ट लागले. गल्लीत सगळेच अडल्या वेळी असं करतात. चार दिवस निभावतं, मग गाडी परत येते आणि काम नीट होतं. दार 'धप्प' वाजलं. मदाम खूश झाली. "तुमचे हात सलामत राहोत," म्हणाली.

"लग्न उरकलं की घेऊन या. थोडं काम उरलंय," फहीम म्हणाला. कोणतं काम, ते त्यानं सांगितलं नाही. दार छान लागत होतं. मग ती कशाला येतेय?

आणि सप्टेंबरच्या शेवटी एका गुरुवारी झगलूल सहज बोलून गेला, "तुझी मदाम दिसली रे, समुद्राकाठच्या रस्त्यावर. काय पळवते गाडी! शेजारी नात होती, शाळेचं दप्तर मांडीवर."

"शेजारी? उजवीकडे?"

"मग काय टपावर?"

फहीमचा चहा तसाच राहिला. "तिथं तुझं तांबं आहे, झगलूल. मऊ. रोज दार उघडलं-लावलं की त्याचं पीठ होतं."

"मग येईल की ती. वाजायला लागलं की आपोआप येईल."

"वाजायच्या आधी सुटलं तर? मी जातो तिच्याकडे."

झगलूल हसला. "जा. उस्ता गिऱ्हाईकाच्या पायऱ्या चढला, तर उद्यापासून गल्ली तुला घरपोच उसळवाला म्हणेल. पातेलं पण घे सोबत."

दुसऱ्या दिवशी, जुम्म्याचा नमाज झाल्यावर, फहीम हत्यारांची पिशवी घेऊन इब्राहिमियातल्या तिच्या इमारतीत गेला. वेटोळी त्यानं मेमध्येच मिळवली होती. चार महिने ती कपाटात पडून होती. जिना चढताना त्याला हेच जास्त बोचत होतं.

"अरे, उस्ता फहीम! या, चहा घ्या. दार काय लागतं हो तुमचं! भाऊ माझे जळतात."

"मदाम, ते दार मी लबाडीनं लावलंय. जरा खाली चला."

खाली त्यानं दार उघडलं आणि मोकळ्या कडेला दोन बोटं लावून वर उचललं. दार बोटभर वर गेलं, बोटभर खाली आलं. कडीचा दात अर्धाच अडकत होता.

"आजी, मी पण हलवू?" मदामच्या लेकीची सहा वर्षांची पोर, लुब्ना, पुढे झाली. मदामनं तिला दंड धरून इतक्या जोरात मागे ओढलं की पोर रडायला लागली.

"सहा महिने," मदाम म्हणाली. "शाळेला निघालं की ही याच दाराला डोकं टेकून झोपते. तुम्हाला फोन नव्हता?"

"उस्ता आपण होऊन फोन करत नाही, मदाम."

"का? जीभ झिजते?"

"लोक म्हणतात, काम बिघडलं."

"मग बिघडलेलंच होतं ना!"

फहीमनं हत्यारांची पिशवी उघडली. त्यानं दरवानाच्या खोलीतून ड्रिलसाठी वायर ओढली. दार तोलायला दरवान पुढे आला, पण मदामनं त्याला बाजूला केलं, पोरीला त्याच्या बायकोकडे दिलं आणि दाराचं वजन स्वतःच्या हातांवर घेतलं. बोल्ट निघाले तसा तांब्याचा लालसर भुगा तिच्या चपलेवर पडला. ती भुग्याकडे पाहत राहिली.

पहिलं भोक चांगलं झालं. आटे स्वच्छ पडले, वेटोळं शेवटपर्यंत आत गेलं, बोल्ट पान्यानं घट्ट आवळला गेला. दुसरंही झालं. तिसऱ्या भोकापासून मात्र पट्टीच्या कडेपर्यंत केसासारखी चीर गेली होती. फहीमनं बोट फिरवून पाहिलं. बोल्ट नुसता अडकवून ठेवला असता तर बाहेरून कोणालाही कळलं नसतं. मदामनं दाराचं वजन दुसऱ्या हातावर घेतलं.

"झालं?"

"दोन झाले. तिसरा नाही झाला. पट्टी चिरलीय. खांब कापून ती बदलावी लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन बोल्टांवर दार राहील. पण पोरीला तिथं बसवू नका."

तिनं दार ओढलं. धप्प झालं.

"मार्चमध्येही हाच आवाज होता," ती म्हणाली. "बसा."

"कुठं?"

"तिच्या जागेवर. आणि हात मांडीवर ठेवा. ती कडी धरून बसत नाही."

तिनं गाडी समुद्राकाठच्या रस्त्यावर काढली आणि वेग वाढवत नेला. वारा काचेच्या फटीतून शिट्टी घालत होता. फहीमनं हात मांडीवर ठेवले होते, पण बोटं पँटमध्ये रुतली होती. आपलं साठ वर्षांचं अंग या दाराला भीत होतं आणि ते पोर तिथं झोपत होतं. मदामनं दोनदा करकचून ब्रेक मारला, एकदा वळणावर गाडी मुद्दाम तिरकी घातली. दार जागचं हललं नाही. 

परत आल्यावर तिनं स्वतः दोन बोटांनी दार उचलून पाहिलं. मग आणखी एकदा.

"दुसऱ्या उस्ताकडे नेईन म्हणते."

"न्या. मात्र त्याला तांब्याचं सांगा, चिरीचंही. नाहीतर तोही आवाजावरच जाईल."

मदामनं गाडीला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली.

"तोवर लुब्ना मागेच बसेल," ती म्हणाली. "रविवारी तुमच्याकडेच आणते. पण मी तिथंच उभी राहणार. तुम्ही आत काय भरता ते मला बघायचंय."

गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून काम बघायला लागलं की गल्लीत उस्ताची अब्रू संपली, हे फहीमला माहीत होतं. समोरून झगलूल काय काय बोलेल, तेही माहीत होतं.

"उभ्या कशाला राहताय?" तो म्हणाला. "आठवडाभराचं काम आहे. खुर्ची ठेवतो."