नाही म्हणायला नेलेला नारळ

माझ्या मुलीचं लग्न मी स्वतः मोडायला गेलो होतो, आणि ते ठरवून आलो.

ही गोष्ट मी आजवर रागातच सांगत आलो आणि आताही रागातच लिहितो आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं. आमच्या घरात सगळे हसतातच (माझ्यासमोर नव्हे, स्वयंपाकघरात जाऊन).

घरोघरी केबल आली होती, माणसं कमरेला पेजर लावून उगाच महत्त्वाची दिसत होती आणि आमची मेधा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली होती, ते दिवस. त्या क्लासमध्ये विकी सेठी नावाचा मुलगा शिकायला आला. सहा महिन्यांचा कोर्स त्याने दीड वर्ष केला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मला वाटलं, मुलगा ढ असेल.

एका शुक्रवारी जेवताना मेधाने सांगितलं की तिला विकीशी लग्न करायचं आहे. मी पानावरून उठलो. (आमटी फार छान झाली होती, हे उठल्यावर आठवलं. पण रागाने उठलेल्या माणसाला परत बसता येत नाही.)

आम्ही मोहिते, दांडिया बाजारातले. पणजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांनी कुठली लढाई मारल्याचं ऐकिवात नाही, पण अभिमान आम्ही चार पिढ्या पुरेल इतका सांभाळला आहे. शिवाय मेधासाठी चौदा मराठी मुलांच्या पत्रिका मी फाइलीत लावून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर माझ्या हस्ताक्षरात शेरा. त्या फाइलीचं आता काय करायचं?

"पंजाबी?" मी म्हणालो. "अगं, ती माणसं लग्नाला घोड्यावर बसून येतात."

"पणजोबाही घोड्यावरच बसायचे ना?" मेधा म्हणाली.

मी आवाज वाढवला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. दांडिया बाजारात भिंतीला भिंत लागून घरं. आमच्याकडची भांडणं शेजारी आमच्याआधी मिटवतात. शेवटी मेधा म्हणाली, "बाबा, ओरडू नका. तुम्ही स्वतः गोत्रीला त्यांच्या घरी जा. त्यांच्या तोंडावर नाही म्हणा. मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही. तुम्ही म्हणाल त्या पत्रिकेशी लग्न करीन."

बोलताना तिचे डोळे भरले होते. मला ते दिसलं. पण मी रागात होतो, म्हणून कॅलेंडरकडे बघितलं आणि रविवार ठरवला.

रविवारी दुपारी तीनलाच मी शर्ट चढवला. बायको, सुमन, म्हणाली, "संध्याकाळी जाऊ ना. ऊन केवढं आहे."

"संध्याकाळपर्यंत राग उतरेल माझा."

"मग तर संध्याकाळीच जाऊ."

"आत्ताच," मी म्हणालो.

"बरं, चला. पण पहिल्यांदा जातोय कुणाच्या घरी. रिकाम्या हाताने नाही जायचं."

"मी भांडायला जातोय, सुमन!"

"भांडायला जा, पण रिकाम्या हाताने नको."

आणि इथे मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. रेल्वेच्या आमच्या कार्यालयात निरोप समारंभ वीस वर्षं माझ्याकडे होते. त्यातून मी एक शिकलो होतो. साहेब कितीही खवीस असो, अंगावर शाल पडली आणि हातात श्रीफळ आलं की तो मुकाट्याने घरी जातो आणि परत येत नाही. सेठींनाही तसंच मानाने वाटेला लावायचं. आधी शाल-श्रीफळ, मग नकार. म्हणजे कुणी म्हणायला नको की मोहिते असभ्य आहेत. मी कपाटातली एक कोरी शाल काढली, देवापुढचा नारळ उचलला. सुमनने वर पेढ्यांचा बॉक्स ठेवला.

"पेढे कशाला?"

"नुसता नारळ कसा द्यायचा?"

स्कूटर पहिल्या किकमध्ये सुरू झाली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तेव्हाच घरी परतायला हवं होतं.

गोत्रीतल्या त्या सोसायटीच्या दारावर वॉचमनने अडवलं. "काका, कोने त्यां जवुं छे?" मी सेठींचं नाव सांगितलं. त्याने सुमनच्या मांडीवरचा नारळ पाहिला, पेढे पाहिले आणि सलाम ठोकला. आम्ही ओळखलं नाही, ते वॉचमनने ओळखलं होतं.

सेठीसाहेब पाइपांचे व्यापारी, सहा फूट उंच. रविवारची दुपार असून इस्त्रीचे कपडे आणि पायात बूट घालून बसले होते. टीपॉयवर मिठाईचा बांधलेला बॉक्स. मला बरं वाटलं, माणसाला पाहुण्यांची कदर दिसते. (आम्ही येणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. राग आला की माझ्या डोक्यात दुसरं काही मावत नाही.) विकी, त्याची आई आणि दिवाणावर त्याची आजी, जिला सगळे बीजी म्हणत. माझ्या हातात लस्सीचा ग्लास आला. ग्लास कसला, तांब्याच. अर्धा संपेपर्यंत माझा राग थोडा पातळ झाला, म्हणून मी घाईने उभा राहिलो.

"देखिए सेठीसाहब," मी माझ्या हिंदीत म्हणालो, "हम आपका आदर करते हैं. इसलिए पहले ये."

त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. हातात नारळ ठेवला. त्यावर पेढ्यांचा बॉक्स. आणि पुढचं वाक्य बोलायला श्वास घेतला.

सेठींचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, भारावले.

मग दिवाणावरून बीजी म्हणाल्या, "कुडी दे पापा नारियल लै के आए ने." आणि रडायला लागल्या.

त्यांच्यात म्हणे मुलीचा बाप घरी येऊन नारळ आणि मिठाई मुलाकडच्यांच्या हातात ठेवतो, तेव्हा 'रोका' होतो. म्हणजे मुलगा ठरला, बाकीची स्थळं बंद. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. चौदा पत्रिकांवर शेरे मारणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट ठाऊक नव्हती.

"नहीं, नहीं, सुनिए," मी म्हणालो.

"शगुन में ना नहीं कहते, भाईसाब," असं म्हणून विकीच्या आईने माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. विकी पाया पडला. पेढा गिळेपर्यंत कपाळाला टिळा लागला. तो पुसेपर्यंत विकीची आई फोनवर होती. जालंधर झालं, दिल्ली झाली. मग कॅनडा. कॅनडाला बातमी पोचल्यावर दांडिया बाजारच्या माणसाने करायचं काय?

"सुमन, सांग ना यांना," मी दात खाऊन मराठीत म्हणालो.

सुमनचे दोन्ही हात बीजींच्या हातात होते. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "नारळ तुम्ही दिलात."

मी सांगणारच होतो. खरोखर तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बीजींनी मला जवळ बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुत्तर, तेरी धी हुण साडी धी." तुझी लेक आता आमची लेक. माझी आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता. मला रडू यायला लागलं आणि त्याचा भयंकर राग आला.

परतताना सुमनच्या हातात मेधासाठी दिलेली लाल चुनरी होती. ती सारखी उडून माझ्या तोंडावर येत होती. एका सिग्नलला बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "काका, अभिनंदन." मी सिग्नल सुटायच्या आधीच स्कूटर काढली.

मेधा दारातच उभी होती. दोन दिवस धड जेवली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, टिळ्याकडे बघितलं.

"बाबा, 'नाही' म्हणालात?"

"तोंड रिकामं नव्हतं," मी म्हणालो आणि चपला काढल्या. ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. त्यानंतर मी आमटी मागितली.

लग्नात त्यांची मिलनी असते. बापाने बापाला, मामाने मामाला हार घालायचा आणि मिठी मारायची, आणि जोर असेल तर समोरच्याला उचलायचं. सेठींना जोर होता. मी हवेत असताना ते माझ्या कानात म्हणाले, "मोहितेजी, एक बात बोलूं? उस इतवार मैं आपके घर आ रहा था. ना करने."

"क्या?"

"मुझे भी ये रिश्ता मंज़ूर नहीं था. जूते पहनके बैठा था. मिठाई भी बांध ली थी, खाली हाथ कैसे जाता? पांच बजे निकलना था. आप चार बजे आ गए. अब लड़की का बाप नारियल रख दे, तो लौटाएं कैसे?"

मला इतका संताप आला की मी त्यांच्या खांद्यावर बुक्की मारली. त्यांनीही मला जोरात दाबलं. फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, बहुत अच्छे, एक और." तो फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. त्यात आम्ही दोघं अतिशय प्रेमळ दिसतो.

जावई वाईट नाही, हे मी त्याच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही. पण त्या फोटोखाली बसलो की हिशेब चुकत नाही. त्या दिवशी सुमनचं ऐकून मी संध्याकाळपर्यंत घरी गप्प बसलो असतो, तर सेठी माझ्याच दारात येऊन, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्यासाठी नकार देऊन गेले असते. वर मिठाई.

रेल्वेत चौतीस वर्षं काढली. आयुष्यात एकदाच वेळेआधी पोचलो.