तोरूचं शेपूट

चोमोय फौजेत गेला, पण बंदूक धरायला नव्हे. डोंगरातल्या ताल्दी-सू गावातले लोक म्हणत, ह्याच्या हातात बंदूक दिली तर गोळी कुणाला लागेल ते ह्यालाही सांगता यायचं नाही. कारण चोमोय डावरा. कातर डाव्या हातात धरायचा, त्यामुळे त्यानं कातरलेली मेंढी उलट्या अंगाला उतरती दिसायची. कळपात मेंढ्या मिसळल्या की बायका हसायच्या, "ही बघा, ही चोमोयची. वाऱ्यानं एका कुशीवर पाडल्यासारखी." तोही हसायचा. माणूस जवाच्या शेतात पाणी फिरवण्यात हुशार आणि घोड्यांच्या बाबतीत त्याहून हुशार, मग कातरीवरून कोण बोलतंय याची त्याला काय फिकीर.

बेचाळीसच्या वसंतात लढाईसाठी फौजेनं आमच्या सामुदायिक शेतीचे एकोणीस घोडे नेले. घोड्यांबरोबर घोडे सांभाळणारा हवा म्हणून अडतीस वर्षांच्या चोमोयलाही नेलं. त्या एकोणिसांत तोरू होता. तोरू कागदावर सगळ्यांचा, पण शिंगरू असल्यापासून त्याला वाढवला चोमोयनं, त्यावर बसायचाही तोच. निघताना म्हातारी उलबूबू, चोमोयची आई, तोरूच्या दोन डोळ्यांच्या मधोमध ओठ टेकवून म्हणाली, "याला सोडू नकोस रे. हा असेल तिथं तू असशील, एवढं मला पुरे."

चोमोयनं मान हलवली. बायको कालिपा लगाम धरून उभी होती.

दोलोनचा घाट उतरून घोडे फ्रुंझे शहराजवळच्या छावणीत पोचले, तोवर अर्ध्यांना खरूज लागली होती. छावणीत आणखी तीनशे घोडे, सगळे अंग घासत उभे. जनावरांचा डॉक्टर एक रशियन कॅप्टन होता. झोपेवाचून त्याचे डोळे लाल झाले होते. त्यानं हुकूम काढला, आयाळी आणि शेपट्या मुळापासून कापा आणि अंगाला गंधकाचं मलम चोळा.

आता आमच्यात माणूस मेला की त्याच्या घोड्याचं शेपूट कापतात. तो घोडा दारात बांधतात आणि बाया त्याच्याकडे बघून वर्षभर रडतात. ज्याचा मालक जिवंत आहे अशा घोड्याच्या शेपटाला कुणी हात लावत नाही, चेष्टेतसुद्धा नाही. चोमोयनं परक्यांचे घोडे कातरले, कारण ते कुणाचे ते त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तोरू समोर आला आणि त्याचा हात थांबला.

"काय झालं?" कॅप्टननं विचारलं.

"साहेब, हा माझा आहे."

"मग खरूज याला सोडणार आहे का?"

चोमोयनं मनाशी हिशेब केला, तोरू माझ्याबरोबर आघाडीवर येणार, तिथं आमच्यातलं कोण आहे बघायला. त्यानं डोळे मिटले आणि कातर चालवली. शेपूट जमिनीवर पडलं. ते तुडवलं जाऊ नये म्हणून त्यानं ते उचलून कुंपणावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आगगाडीत चढवलं. घोड्यांचे डबे मोजताना तोरू सापडेना. कारकुनाला विचारलं तर तो यादीवरून नजर न उचलता म्हणाला, "तो लंगडतो. सकाळीच बाद केला. तुमच्याकडचे चार बाद घोडे गावाकडे रवाना झाले."

चोमोय डब्यातून उडी मारणार होता. दोघांनी त्याला मागे खेचला. गाडी सुटली, आणि हा वेड्यासारखा एकच बोलत राहिला, "शेपूट मीच कापलंय, मी जिवंत आहे म्हणून कुणीतरी सांगा तिला." कुणाला सांगायचं, कसलं शेपूट, डब्यातल्या कुणाला काही कळेना. गुरं हाकणाऱ्या कुणा परक्या माणसाच्या हाती कापलेल्या शेपटाचा तोरू घाट चढत होता, आणि वर घरात म्हातारी होती.

त्याला लिहिता येत नव्हतं. डब्यातल्या एका कझाक मास्तरानं त्याच्यासाठी पत्र लिहिलं: मी ठणठणीत आहे. तोरूला खरूज झाली, म्हणून शेपूट मीच कापलं. दुसरं काही मनात आणू नका. पुढच्या स्टेशनात पत्र टाकलं, आणि चोमोय दिवस मोजू लागला, घोड्याला किती, पत्राला किती.

तीन वर्षं तो घोड्यांच्या इस्पितळात होता. इस्पितळ कसलं, कुडाची छपरं. आघाडीवरून फाटलेले, भाजलेले घोडे यायचे. हा जखमा धुवायचा, टाके घालताना डोकं धरायचा, मेले की खड्डे खणायचा. एकही गोळी त्यानं झाडली नाही. पण घरी आपल्या नावानं रडणं चालू असेल, आणि इतकी माणसं मेला मेला म्हणताहेत तर आपण किती दिवस टिकणार, ही भीती त्याच्या मानगुटीवर बसली होती. जेवताना घास हातातच राहायचा. इस्पितळ सारखं हलायचं, टपाल मागे राहायचं. चौदा महिन्यांनी घरचं एक पत्र पोचलं, शाळामास्तरांच्या अक्षरात. सगळे खुशाल, आईचे आशीर्वाद. त्यानं ते तीनदा वाचून घेतलं. तोरूच्या कपाळाला ओठ टेकव म्हणून, किंवा तो परत आला म्हणून, आईचा एक शब्दही त्यात नव्हता. आमच्यात दूरच्या माणसाला मृत्यू कळवत नाहीत. चोमोयला ते माहीत होतं, त्यानं स्वतःही असं कितीदा लपवलं होतं. तेव्हापासून त्यानं पत्रात आईबद्दल विचारणं सोडलं.

पंचेचाळीसच्या शरदात तो गावात आला. पाटाशी तोरू चरत होता. शेपूट पुन्हा वाढून गुडघ्याखाली आलं होतं. पलीकडे कालिपा पाणी भरत होती, आणि डोक्याला तिच्या पांढरा रुमाल होता. विधवेचा काळा नव्हे. चोमोय पाट ओलांडून तिच्यापाशी गेला.

"शेपूट मीच कापलं ते तुला कळलं होतं?" त्यानं विचारलं.

"न कळायला काय झालं? कातरलेलं उलट्या अंगाला उतरतं होतं," कालिपा म्हणाली. "मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, अहो, मेलेला माणूस स्वतःच्या घोड्याचं शेपूट कापतो का? मला निर्लज्ज म्हणाले. नवरा गेला तरी काळा रुमाल घेत नाही म्हणून माझ्या हातचं पाणी पिईनात. महिन्यानं तुमचं पत्र आलं."

"त्यात लिहिलं होतं सगळं."

"कुठलं? दोन ओळींवर शाई फासलेली. घोड्यांचा रोग कुणाला कळू नये म्हणून फौजेवाल्यांनी ती फासली, असं मास्तर पुढं म्हणाले. राहिलं काय, तर मी ठणठणीत आहे. लोक म्हणाले, मेलेल्यांची पत्रं अशीच मागून येतात. आईंनी त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि कागद उशाखाली ठेवला."

"तू तिला शेपूट दाखवलं नाहीस?"

"हाताला धरून नेलं मी त्यांना. त्यांनी हात फिरवला, म्हणाल्या, 'तू त्याची बायको आहेस गं, तुला तसंच दिसणार.'" कालिपानं घागर खाली ठेवली. "जव कापायच्या आत गेल्या. तुमचं दुसरं पत्र त्यानंतर अकरा दिवसांनी आलं."

दोघं टेकडीवर गेली. उलबूबूच्या थडग्याला लागूनच आणखी एक उंचवटा होता, लहानसा.

"हे कुणाचं?"

"तुमचं. त्यांनी जाताना हट्टच धरला, माझ्याजवळ त्यालाही ठेवा. गावानं तुमची कलपाक टोपी पुरली. बाकी कशाला मी कबूल झाले नाही, पण टोपी दिली. उकरून काढू या आता. जिवंत माणसाचं असं जमिनीत असू नये."

चोमोयनं डावा हात त्या लहान उंचवट्यावर ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "तिला वाटतंय मी जवळ आहे."