नियुक्तीआधीचा सत्कार

वडनेर भोलजीच्या बसथांब्यावर उतरलो आणि समोरचा फलक वाचून जागच्या जागी थांबलो. ‘पुणे येथील नामांकित संस्थेच्या संचालकपदी नियुक्ती झाल्याबद्दल आमच्या गावची सुकन्या नीरजाताई यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची दाटी होती. त्यांत एक दीड वर्षाचे बाळसुद्धा होते. मध्यभागी काळा चष्मा लावून, हात जोडून उभे असलेले नीरजाचे काका अर्जुनराव तिच्या चौपट आकाराचे होते. जिचे अभिनंदन चालले होते ती एका कोपऱ्यात, ओळखपत्रावरून उचललेल्या छायाचित्रात, घाबरल्यासारखी बघत होती.

मला धक्का बसला, कारण ही नियुक्ती झालेलीच नव्हती. आदल्या संध्याकाळी बुलढाण्याला आमच्याच स्वयंपाकघरात बसून नीरजा माझ्या पत्नीला, प्रतिमाला सांगत होती, “काकू, आठ-दहा दिवसांत कळवतील म्हणे.” आणि पद संचालकाचे नव्हते, डिजिटल संग्रहातील सहायकाचे होते.

नीरजा आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. मूळ गाव वडनेर, माझेही तेच. ती शाळेत असताना वडील गेले. आई सुभद्राबाई दीड एकरात वांगी आणि मेथी पिकवून नांदुऱ्याच्या बाजारात विकते. त्यावर मुलगी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर झाली, प्रथम श्रेणीत. पुढे काय व्हावे? ग्रंथपालांची भरती निघणार असे दरवर्षी ऐकू येते आणि दरवर्षी ते ऐकण्यापुरतेच राहते. तेव्हा ही मुलगी बुलढाण्यात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या एका खासगी अभ्यासिकेत सहा वर्षे काम करीत होती. काम म्हणजे पंखे लावणे, पंखे बंद करणे आणि दारातल्या चपला रांगेत ठेवायला लावणे. पुस्तकाशी संबंध इतकाच की मुले पुस्तके घेऊन येत.

मी स्वतः बारा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवून पस्तिशीनंतर कायम झालेला माणूस आहे. अर्ज, स्मरणपत्र आणि तक्रार हेच माझे खरे वाङ्मय. त्यामुळे नीरजाने ब्लॉग सुरू केला तेव्हा मी तिला म्हणालो होतो, “फुकट लिहून नोकऱ्या मिळत असत्या तर अर्धा महाराष्ट्र लेखक झाला असता.” ती शांतपणे म्हणाली, “सर, तुमचे अर्ज तर रजिस्टर पोस्टानं जातात. त्यांचं काय झालं?”



ब्लॉगचे नाव तिने ठेवले होते ‘किल्ली कुणाकडे?’ दर रविवारी एसटीने एखाद्या गावी जायचे, तिथे पुस्तके कुठे आहेत आणि ती कोण वाचते हे शोधायचे, छायाचित्रे काढायची आणि लिहायचे. लेख फेसबुकवर आणि नोकरी शोधणाऱ्यांच्या लिंक्डइनवर टाकायचा. प्रत्येक लेखाखाली न चुकता एक ओळ असे: ‘मी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असून कामाच्या शोधात आहे.’ ती ओळ मला खटकत असे. माझ्या पिढीला वाटे की गरज अशी दारावर टांगू नये. ती म्हणे, “दुकानाला पाटी नसली तर गिऱ्हाइकानं यायचं कसं, सर?”

वरवट बकाल या गावावर तिने लिहिलेला लेख मी स्वतः दोनदा वाचला. तिथे एका केशकर्तनालयात आरशाखालच्या फळीवर तीसेक पुस्तके होती. अर्धी दाढी झालेले एक गिऱ्हाईक कथेचे शेवटचे पान संपेपर्यंत वस्तऱ्याला थांबवून धरी, आणि बनाबाई नावाची म्हातारी दाढीकटिंगशी काही संबंध नसताना उंबऱ्यावर येऊन बसे, कारण कारागीर मोठ्याने वाचत असे. नीरजाने त्या फळीवरच्या पुस्तकांची रीतसर विषयवार मांडणी करून दिली आणि तीही कशी केली ते लिहिले. हा लेख कुठून कुठे फिरला कोण जाणे, पण पुण्याच्या एका संस्थेतून तिला निरोप आला. जुनी नियतकालिके संगणकावर आणण्याचे काम ते करीत होते आणि अशी मांडणी करणारे माणूस त्यांना हवे होते.

दोन मुलाखती संगणकावर झाल्या. आमच्या घरात नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी येते. दुपारचे ऊन. प्रतिमा छत्री धरून तिच्या मागे उभी राहिली, पडद्यावर दिसू नये म्हणून वाकून. मुलाखत संपल्यावर दोघी जिन्यातच बसून हसत होत्या. नीरजाला मी त्याआधी तसे हसताना पाहिले नव्हते.

मग संस्थेचा मेल आला. तिचे नाव अंतिम विचारात होते. मात्र संकेतस्थळावर निकाल जाहीर होईपर्यंत याची कुठेही वाच्यता करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नीरजाने दोन माणसांना सांगितले: प्रतिमाला, आणि फोनवर आईला.

“आई, बहुतेक होते. पण कोणाले सांगू नको.”

“मी काऊन सांगीन व?” सुभद्राबाई म्हणाली होती.

आणि तिने कुणालाही सांगितले नाही. ती फक्त मारुतीच्या देवळात गेली. मुलीची मुलाखत लागली तेव्हा तिने पेढ्यांचा नवस बोलला होता. काम होत आले आणि आपण नवस लांबवला तर देव हात काढून घेईल, अशी तिची भीती. पण आमच्याकडे पेढा कुणी मुकाट्याने खात नाही. हातावर घेताना ‘कशाचे?’ हे विचारावेच लागते आणि देणाऱ्याला सांगावेच लागते. थांब्यावरून मी तडक तिच्या शेतावर गेलो तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “भाऊ, पुजाऱ्यानं इचारलं, पेढे कायचे? देवासमोर खोटं कसं बोलू? मी म्हटलं, पोरीच्या नोकरीचे. तेवढंच बोलली मी, बाकी काहीच नाही.”

पुण्याच्या कुठल्या संस्थेत, कुठल्या पदासाठी मुलाखत आहे हे नवस बोलल्यापासून गावाला ठाऊकच होते, त्यामुळे तेवढे पुरेसे झाले होते.

मी अर्जुनरावांच्या ओसरीवर गेलो. त्यांना रंगरावविरुद्ध पंचायत समितीची निवडणूक लढवायची होती. पुतणी अभ्यासिकेत चपला मांडत होती त्या सहा वर्षांत ती कशी आहे हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

“अर्जुनराव, निवड झालेली नाही. फलक उतरवा.”

“झाली नाही म्हंजे? वहिनीनं पेढे वाटले ना बाप्पा! नोकरी लागल्याबिगर पेढे वाटते का कोणी?”

“आणि संचालक हे कुठून आणलंत?”

“मंग काय सहायक लिहू? गावात हासतीन ना लोकं!”

“तिची नोकरी जाईल अशानं. निदान निकालापर्यंत थांबा.”

“थांबलो असतो त रंगरावचा फलक पहिले लागला असता. त्यानं फोटो बी मागवून ठेवला होता.” मग डोळे बारीक करून ते म्हणाले, “मास्तर, तुम्हाले तक्रारीची सवय लागली. गावची पोरगी मोठी झाली, तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?”

भोवतीची पोरे खिदळली. त्यांतल्या एकाने मला कौतुकाने मोबाईल दाखवला. फलक आदल्या दिवशीच फेसबुकवर चढला होता आणि संस्थेचे नाव त्याला जोडले होते. शिवाय संस्थेच्या पानावर, एका जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठाखाली, आमच्या गावाने अभिप्रायांचा पाऊस पाडला होता. ‘ताईले लवकर रुजू करून घ्या.’ ‘वडनेर एक नंबर.’ ‘बारा लाखांचे पॅकेज, नाद नाही करायचा.’ बारा लाख हा आकडा कुणी काढला, हे मला आजतागायत कळलेले नाही.

बुलढाण्याला परत आलो. नीरजा जिन्यात बसली होती, फोन मांडीवर. तिने तो माझ्याकडे दिला. संस्थेने लिहिले होते की प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वीच पद आणि वेतनाविषयी चुकीची माहिती जाहीरपणे पसरल्याने इतर उमेदवारांनी हरकत घेतली आहे. सबब आपल्या नावाचा विचार करणे शक्य नाही. आपल्या लेखनास शुभेच्छा.

“सर, मी काय केलं?” तिने विचारले. हा प्रश्न तिने तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा तिचा आवाज तसाच सपाट होता. प्रतिमा तिच्याशेजारी बसली. मी आत जाऊन मेल लिहायला घेतला.

आयुष्यात लिहिलेल्या तक्रारींपैकी ती सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेली होती. संस्थेचे उत्तर सौजन्यपूर्ण आले. उमेदवाराच्या गुणवत्तेविषयी त्यांना शंका नव्हती. परंतु तिच्याखेरीज ही माहिती बाहेर कुणाला असणे शक्य नव्हते, आणि निर्णय बदलला तर हरकत घेणाऱ्यांना काय सांगावे? मी पुन्हा पुन्हा वाचले. मला संस्थेचा राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. तक्रार नेमकी कुणाविरुद्ध करायची, हे न कळण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

याहून वाईट काही घडेल असे मला वाटले नव्हते. पण दोन दिवसांनी अर्जुनरावांचा नीरजाला फोन आला. रविवारी तिचा जाहीर सत्कार ठेवला होता.

“काका, नोकरी गेली. तुमच्या फलकामुळे गेली.”

“होते, जाते. पण पाव्हणे ठरले ना आता. मंडप सांगतला. तू ये फक्त.”

सुभद्राबाईच्या वांग्यांना पाणी मिळते ते सामाईक विहिरीचे, आणि त्या विहिरीवरची मोटार अर्जुनरावांची. ते विहिरीबद्दल अक्षर बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. नीरजा म्हणाली, “जाते सर. माईक हातात येईल तेव्हा खरं सांगते. सगळ्यांसमोर सांगितलं की ती पोस्ट तरी काढतील.”

मी तिच्यासोबत गेलो. शाल पांघरून झाली, नारळ देऊन झाला, आणि निवेदकाने सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायला सांगितले. तिने खरोखरच दोन शब्दांत सांगितले. “मला ही नोकरी मिळालेली नाही. निकालाआधी हा फलक लागला, म्हणून माझं नाव कमी झालं. कृपा करून फेसबुकवरची पोस्ट काढून टाका.”

अर्जुनरावांनी पुढे होऊन तिच्या हातातून माईक अलगद काढून घेतला. “पाहा! इतकी मोठी झाली, पण पोरीचा विनय पाहा!”

आणि टाळ्या पडल्या. मी माझ्या कानांनी ऐकल्या म्हणून लिहितो. अन्यथा माझाही विश्वास बसला नसता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने सुभद्राबाई उठली. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेली बाई. “ती खरं बोलून राह्यली! नोकरी गेली तिची. पेढे मी वाटले, मी!” तिचा आवाज फाटला होता. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी तिला हाताला धरून खाली बसवले आणि निवेदकाने लगबगीने प्रमुख पाहुण्यांना मनोगतासाठी पाचारण केले. पाहुणे ग्रामीण मुलींनी मोठी पदे मिळवण्याच्या महत्त्वावर बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या तालुका पानावर ‘नियुक्तीबद्दल सत्कार’ अशी छायाचित्रासह बातमी आली.

कार्यक्रमानंतर नीरजाने काकांना गाठले. “पोस्ट तरी काढा. माझं नाव शोधलं की पहिले तेच येते.”

“अकराशे लाईक आहेत पोरी, कशी काढू?” ते खरोखरच अवघडून म्हणाले. त्या माणसाच्या चेहऱ्यावर कपट नव्हते, आणि हेच मला अधिक भयंकर वाटले. मग त्यांना तोडगा सुचला. “तू असं कर, एखादी नोकरी पकडून घे. मंग हे बी खरं होऊन जाईन.”

पुढच्याच महिन्यात अकोल्याच्या एका महाविद्यालयात तिने अर्ज केला. तिथून फोन आला तो विचारायला, की मॅडम, तुम्ही तर पुण्याला संचालक आहात, मग आमची चेष्टा का करता? तिने समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुन्हा फोन केला नाही.

ब्लॉग ती अजून लिहिते. लेखाखालची ओळ तिने बदलली: ‘माझी कुठेही नियुक्ती झालेली नाही. मी कामाच्या शोधात आहे.’ अर्ज जातात, उत्तरे येतात किंवा येत नाहीत. एक मात्र बदलले. आता ती घरी काहीच सांगत नाही. रविवारी गावी गेली तरी भाव, पाऊस, बकरीचे पिल्लू एवढेच बोलून परत येते.

परवा सुभद्राबाईचा मला फोन आला. त्या दुपारी नीरजाची गच्चीवर पुन्हा एक मुलाखत झाली होती. प्रतिमा छत्री वाळत घालीत होती. मी म्हणालो, “वहिनी, बरं झालं फोन केलात, आज नीरजाची...”

“नाही नाही भाऊ, थांबा!” ती जवळजवळ ओरडली. “मले काही सांगू नका. मी इचारून नाही राह्यली. चांगलं असो का वाईट असो, मले नका सांगू.”

पलीकडे मोटारीचा आवाज येत होता. मग ती हलकेच म्हणाली, “जेवली का ती? तेवढंच सांगा.”