पत्रं वाटणाऱ्या कोल्ह्याचं गाणं

टेबलावर ठेवलेली रेकॉर्ड लाल होती आणि तिच्यातून पलीकडचं दिसत होतं. नबीसाहेबांनी ती दोन बोटांत धरून दारातल्या उजेडात उचलली, तसा त्यांच्या पांढऱ्या दाढीवर लाल रंग उतरला.

"युसूफ," ते म्हणाले, "ही रेकॉर्ड हाय का शरबत?"

नबीसाहेब माझे मालक. उस्मानाबादेत त्यांचं ग्रामोफोन आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं, मी तिथं मेकॅनिक. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. तोवर मी शेकडो रेकॉर्डी हाताळल्या होत्या. सगळ्या काळ्या, जड, ताटासारख्या कडक. ही कागदासारखी वाकत होती. उन्हानं आधीच वाकली होती, भाजलेल्या पापडासारखी कडेनं वर आली होती.

ती घेऊन तिघं जण जवळच्या तेर गावाहून एस.टी.नं आले होते. पहिले ओकाडासाहेब. जपानी माणूस, पन्नाशीचा, अंगानं बारीक. तेरच्या जुन्या विटांच्या देवळाची मापं घेऊन चित्रं काढायला तो दीड वर्षापासून तिथं राहत होता. दुसरे तेरच्या शाळेतले माळी गुरुजी. साहेबाचं इंग्रजी तेच आम्हाला मराठीत सांगायचे. तिसऱ्या रखमाबाई. त्या साहेबाचा स्वयंपाक करायच्या. त्यांच्या घरी शेळ्यांचा धंदा. साहेबानं जे मराठी उचललं होतं ते या बाईंकडून, त्यामुळं तो चांगल्या कपड्यातला विद्वान माणूस "लई" आणि "न्हाय" बोलायचा.

"माझी पोरगी," त्यानं रेकॉर्डवर बोट ठेवलं. "आत हाय."

गुरुजींनी उलगडा केला. जपानात घरोघर टेलिव्हिजन आला होता. आमच्याकडं तो कुणी पाहिलेलाही नव्हता. गुरुजी म्हणाले, "पेटीत सिनेमा, समजा." त्या पेटीत दर आठवड्याला हलत्या चित्रांची एक गोष्ट लागायची. गोष्टीतला कोल्हा ढगाढगांवर राहणाऱ्या लोकांना पत्रं वाटतो. प्रत्येक वेळी सुरुवातीला एक गाणं, तेच ते. मुलांना ते इतकं आवडलं की कंपनीनं त्याची ही पातळ रेकॉर्ड काढली, चित्रांच्या पुस्तकासोबत. गाणं चाळीस मुलांनी म्हटलेलं. त्या चाळिसांत साहेबाची मुलगी होती. नऊ वर्षांची. त्यानं तिला दीड वर्ष पाहिलं नव्हतं आणि अजून वर्षभर तरी पाहणार नव्हता.

"तिची तीन पत्रं आली," गुरुजी म्हणाले. "तिन्हींत एकच प्रश्न. बाबा, मला ऐकलंत का? साहेबानं उत्तर लिहिलेलं नाही. न ऐकता ऐकलं म्हणायचं, हे त्याला जमत नाही."

"मग तेरमधीच का न्हाय वाजवली?" नबीसाहेबांनी विचारलं.

गुरुजी खाली बघायला लागले. "वाजवली. शाळेच्या ग्रामोफोनवर. माझीच हौस. खर्र असा आवाज आला आणि मी उचलली."

मी रेकॉर्ड तिरपी धरली. बाहेरच्या कडेला पहिल्या काही रेघा खरवडून पांढुरक्या झाल्या होत्या. तिथलं गाणं गेलं होतं. ते परत येणार नव्हतं.

इथं थोडं कामाचं सांगतो. जुनी रेकॉर्ड लाखेची. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते. तिच्यावर पोलादी सुई चालते आणि सुईवर साऊंडबॉक्सचं, म्हणजे आवाज काढणाऱ्या जड डबीचं, वजन असतं. नवी रेकॉर्ड प्लास्टिकची. फेरे तेहतीस, रेघा केसाहून बारीक. तिच्यावर पोलादी सुई ठेवणं म्हणजे सायीवर नांगर धरणं. तिला हलका हात लागतो. हात म्हणजे सुई धरणारी दांडी. शिवाय नीलमाचा बारीक कण बसवलेली सुई लागते.

आमच्याकडं असं एकच मशीन होतं. विजेवर चालणारं. त्याच्या दांडीच्या तोंडाशी दोन सुया होत्या, एक जाड, एक बारीक. छोटी खटकी फिरवली की हवी ती सुई खाली यायची. जाड जुन्या रेकॉर्डीसाठी, बारीक नव्यासाठी.

"मग झालं की," नबीसाहेब म्हणाले. "लाव, युसूफ. परवापर्यंत काय बी कर. तेरवा मशीन कळंबला लग्नात जाणार हाय."

मी लावली नाही.

त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी एका लग्नात मी खटकी उलटी फिरवली होती आणि सगळ्या जुन्या रेकॉर्डी बारीक सुईवर वाजवल्या होत्या. चूक कळली तेव्हा पंगती उठल्या होत्या. बारीक सुई आम्हाला कधीच लागत नव्हती. म्हणून मी खटकी सरळ केली आणि गप्प बसलो.

घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावून मी पाहिलं. सुईचं टोक तुटलेलं होतं. फुटक्या दातासारखं. आता मी गप्प राहून ती सुई त्या लाल रेकॉर्डवर ठेवली असती, तर उरलेलं गाणंही गेलं असतं आणि सगळ्यांनी दोष गुरुजींच्या ग्रामोफोनला दिला असता. हे माझ्या मनात आलं. आलं नाही असं मी म्हणणार नाही.

"नबीसाहेब, सुई तुटलीय," मी म्हणालो. "माझ्याच हातनं. आठ महिने झाले."

नबीसाहेबांनी चष्मा काढला. "आठ महिने?"

"व्हय."

"आणि मी लोकांना सांगत फिरतो, आमच्याकडं नव्या-जुन्या समद्या रेकॉर्डी वाजवणारं मशीन हाय म्हणून?"

गिऱ्हाइकासमोर नबीसाहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं सोलापूरला जा. सुई घेऊन ये. आणि आज काम का होत न्हाय, ते त्या पाहुण्याला तू सांग. मी न्हाय सांगणार."

मी साहेबाला सांगितलं. गुरुजींनी इंग्रजी केलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि मला वाकून नमस्कार केला. मला त्याचं लई ओझं झालं.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरवरून सोलापूरला गेलो. घाटात गाडी हळू झाली. खाली ढगासारखा धुरकट पांढरा उजेड पसरला होता आणि अधूनमधून एखादं झाडच तेवढं वर निघालेलं दिसत होतं. मी खिडकीशी बसून त्या कोल्ह्याचा विचार करत होतो. ढगांवरच्या लोकांचे पत्ते तो कसे शोधत असेल? ढग तर जागेवर राहत नाहीत. पंचविशी ओलांडलेला, लेकराबाळांचा माणूस मी, आणि घाट उतरेपर्यंत माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

सोलापुरात तीन दुकानं पालथी घातली. आमच्या मशीनची सुई कुठंच नव्हती. तिसऱ्या दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची सुई दाखवली. टोक बरोबर, पण देठ जाड. आमच्या खाचेत बसणार नाही. तरी घेतली. परतीच्या गाडीत ती खिशात ठेवायची भीती वाटली. कापसात गुंडाळून सगळी वाट मुठीत धरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि बारीक पॉलिश पेपरवर देठ घासायला लागलो. चार वेळा घासायचं, लावून बघायचं, पुन्हा घासायचं. जास्त घासला तर सैल होईल आणि सुई नाचेल. तेवढ्यात तेरची मंडळी आली.

आता वाकलेली रेकॉर्ड सरळ करायची होती. फोटो फ्रेमच्या दोन काचा पुसून घेतल्या, रेकॉर्ड मध्ये ठेवली आणि काचा सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवल्या. दुपारचं ऊन चाललं नसतं, रेकॉर्ड वितळली असती. दर थोड्या वेळानं मी काचेला हाताची पाठ लावून बघत होतो. तापलेल्या दुधाची वाटी पोराला देण्याआधी आई बघते, तसं.

ऊन त्या लाल चकतीतून जाऊन भिंतीवर पडलं होतं. भिंतीवर एक लाल गोल, त्यात रेघांची अगदी पुसट वलयं. रस्त्यावरून बैलगाडी गेली की काच थरथरायची आणि गोल पाण्यावर असल्यासारखा हलायचा. ओकाडासाहेब बाकावर बसून तेच बघत होता. रखमाबाई त्याच्या शेजारी जमिनीवर. नबीसाहेबसुद्धा गल्ल्यावरून उठून दारात येऊन उभे राहिले. कितीतरी वेळ आम्ही पाच जण भिंतीकडं बघत होतो. आवाज अजून आला नव्हता, पण मला वाटत होतं की गाणं सुरू झालेलं आहे.

काचा सावलीत आणल्या, वर वजन ठेवलं, गार होऊ दिल्या. रेकॉर्ड बरीचशी सरळ झाली. एका बाजूला थोडी लाट राहिली. इतकी पातळ चकती मशीनच्या तबकडीवर घसरते, म्हणून खाली एक जुनी जड रेकॉर्ड ठेवली आणि वर मधोमध एक पितळी वायसर. दांडीचा भार आणखी हलका केला. घासून घासून सुई बसली होती.

मग प्रश्न उरला सुरुवातीचा. खरवडलेल्या रेघांत सुई अडकली असती, एखाद्या वेळी मोडलीही असती. मी गुरुजींना म्हणालो, "पहिली ओळ सोडावी लागंल. साहेबाला विचारा, चालंल का?"

गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं. साहेबानं चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात गाणं छापलेलं होतं. पहिल्या ओळीवरून त्यानं बोट फिरवलं आणि गुरुजींना अर्थ सांगितला. कोल्ह्या, कोल्ह्या, आज कुणाचं पत्र आणलंस? मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मी म्हणतो. तू थांब."

"चाल येते तुम्हाला?" मी विचारलं.

"पोरीनं चिठ्ठीत सूर लिवले हायत."

मी मोटर सुरू केली. तबकडी फिरायला लागली. लाल चकतीवरची ती एक लाट फिरत फिरत येत होती आणि जात होती. सुई मी चांगल्या रेघेच्या वर धरून ठेवली. श्वास रोखला.

साहेब उभा राहिला. दोन्ही हात मांड्यांशी सरळ, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तसे. त्याचा आवाज काही गोड नव्हता. घोगरा होता आणि थोडा कापत होता. त्यानं ती एक ओळ म्हटली, शेवटचा सूर लांबवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मी सुई सोडली.

आणि पोरं आली.

दुसरं कसं सांगू? दुकानात, मोडक्या रेडिओंच्या आणि भोंग्यांच्या मधे, चाळीस पोरं धावत आल्यासारखी आली. बापानं जिथं सूर सोडला होता, त्याच्या जवळपास त्यांनी तो उचलला. अगदी नेमका नव्हे, पण जवळच. शब्द एकही कळत नव्हता. घंटा वाजत होत्या, बासरीसारखं काहीतरी वाजत होतं. लाट आली की आवाज जरासा वर जायचा आणि खाली यायचा, झोक्यावर बसल्यागत. दीड-दोन मिनिटांत गाणं संपलं.

साहेब म्हणाला, "परत."

परत लावली. या वेळी त्यानं डोळे मिटले होते. संपल्यावर तो गुरुजींशी हळू आवाजात बोलला. गुरुजींनी आम्हाला सांगितलं, "म्हणतोय, सगळ्या मुलांचे आवाज सारखेच वाटतात. माझी कोणती, ते मला कळत नाही."

एवढं सगळं करून हे! नबीसाहेब दाढी कुरवाळत राहिले.

"पुन्यांदा लावा," रखमाबाई म्हणाल्या. तोवर त्या बोलल्याच नव्हत्या. पदर सारून त्यांनी कान भोंग्याकडं केला. मी तिसऱ्यांदा सुई ठेवली. निम्म्या गाण्यात त्यांनी बोट वर केलं.

"ही बघा. ही एक मागं राहती. समदी थांबली की हिचं शेपूट निघतं. आता... आता बघा. ऐकलं का?"

मी ऐकलं. ओळ संपली की चाळीस आवाज एकदम थांबायचे, आणि त्यानंतर पापणी लवेल इतक्या वेळात एक बारीक आवाज थांबायचा. दर ओळीला.

"चाळीस करडांत मागं पडलेलं कोणतं, ते न बघता कळतं मला," रखमाबाई म्हणाल्या. "जलम गेला त्यात."

गुरुजींना इंग्रजी करावं लागलं नाही. साहेबाला कळलं होतं. तो आधी हसला, मग त्यानं तोंडावर हात धरला. "व्हय," तो म्हणाला. "व्हय. ती लई उशीर करती. शाळंत, जेवाय, समद्यात. माझीच हाय."

चौथ्यांदा लावली नाही. अशा पातळ रेकॉर्डी मोजक्याच वेळा चांगल्या वाजतात. हे मी त्याला सांगितलं, आणि त्यानंही मागणी केली नाही. तिथंच माझ्या कामाच्या टेबलावर बसून त्यानं पत्र लिहिलं. गुरुजींनी ते पोस्टात टाकलं. नबीसाहेबांनी मजुरी घेतली नाही. सुईची किंमत मात्र माझ्या पगारातून कापली, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन कळंबला गेलं. जाड सुई, जुन्या रेकॉर्डी, कानठळ्या बसवणारा भोंगा. खटकी मी तीनदा तपासली.

पुढं मी पस्तीस वर्षं हे काम केलं. हाताखाली बरीच माणसं शिकून गेली. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो. वस्तू तुमच्या हातून मोडली तर त्याच दिवशी सांगा. तिची गरज कधी कुणाला पडेल, ते आपल्याला माहीत नसतं.